पासंग

दहा. प्रत्येकीला पुरे दहा देऊन
मी पेन्सिल उचलते.
माझं काम त्यानंतरचं, काढून घेण्याचं.
गुडघा जरासा वाकला, एक दशांश.
बराच वाकला, तीन.
तोल जाऊन हात भिरभिरले, पाच.
पडली तर पुरा एक,
आणि पुन्हा चढायला दहा सेकंद.

कोपरखैरणे, शाळेचा हॉल, पत्र्याखाली मे महिना.
हवेत खडूची भुकटी,
आमच्या चहावरही तिचीच साय.
चौघी जणी, चार टेबलं,
एकमेकींच्या कागदाकडे बघायचं नाही.
शेणॉय मॅडम वेगळ्या बसतात, त्यांची वही वेगळी:
काय केलं, किती अवघड होतं,
त्यांचा आकडा शून्यापासून चढत जातो.
कसं केलं, ते आमच्याकडे,
दहापासून उतरत.
मग दोन्हींची बेरीज, आणि लोक टाळ्या वाजवतात.

सतरा नंबर. तेजल सपकाळ. वय बारा.
हात वर करून तिने सांगितलं, मी तयार आहे.
ओठांवर शिकवलेलं हसू, श्वास कुठेतरी अडकलेला.
बीमची पट्टी दहा सेंटिमीटर,
माझ्या तळहाताहून जेमतेम बोटभर जास्त.

न बघता लिहायची सवय आहे मला.
मागची कोलांटी: पायाची बोटं सैल. एक.
उडी: मांड्या एका रेषेत यायला हव्या होत्या,
आल्या नाहीत. तीन.
मग एका पायावर गिरकी,
टाच घसरली,
अख्खी मुलगी डावीकडे कलली
आणि कललेलीच राहिली,
एवढा वेळ, की मागच्या बाकावर कुणाचा तरी डबा पडला
तोही मी ऐकला.
तिने पोट आत ओढलं.
बीमच जणू सरकून तिच्या पायाखाली आला.

डुचमळण्याला चिन्ह आहे आमच्याकडे.
सावरण्याला नाही.
पाच लिहायचे होते. मी तीन लिहिले.

बाकीच्यांचे सात-एक, सात-दोन, सात-तीन.
माझे सात-सहा.
सगळ्यात वरचा आकडा कापतात, सगळ्यात खालचाही,
उरलेल्या दोघींची सरासरी.
म्हणजे तेजलच्या बेरजेत
माझा एक दशांशसुद्धा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तिचे वडील जिन्यापाशी उभे.
हणमंत सपकाळ, कांदा-बटाटा मार्केटात तोलणार.
'चौथी आली. तक्रार नाही, मॅडम. फक्त हिशेब सांगा.'
मी चहाच्या बिलामागे लिहून दाखवला.
ते बोट ठेवत ठेवत खाली आले.
'म्हणजे बारदान वजा, माती वजा, ओल वजा.'
तसंच, म्हटलं.
'आणि पासंग?'
मी गप्प.
'आता काटे इलेक्ट्रॉनिक. पण मी तराजूवर शिकलो.
रिकामी पारडीसुद्धा सारखी नसतात, मॅडम.
हलक्या बाजूला खडा बांधायचा, मगच माल चढवायचा.
रोज सकाळी बघायचं. रात्रीतनं फरक पडतो.'
आमच्यात खडा नसतो, मी म्हटलं,
फार कललेलं पारडंच काढून टाकतात.
ते विचारात पडले.
'चार काटे असले तर परवडतं,' म्हणाले.

तेजल पायरीवर बसून
टाचेला चिकटलेला खडू नखाने खरवडत होती.
मान वर न करता तिने विचारलं,
'गिरकीला किती कापले?'
सांगायचं नसतं.
'मी तीन.'
तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
मघाशी मी तिच्याकडे पाहत होते, तसं.
'पाच होतात,' ती म्हणाली,
'मी जवळजवळ पडलेच होते.'